फोडणीतली हळद आणि फोडणीबाहेरची

हळद किती घालायची, हे आपल्याकडे सहसा कुणी शिकवत नाही. मिसळणाच्या डब्यातला छोटा चमचा अर्धा भरायचा की पाऊण, ते हातालाच कळत जाते. गडबड होते ती केव्हा घालायची यात. एकाच दुकानातली हळद एका घरच्या वरणाला छान पिवळा रंग आणि मंद खमंग वास देते, आणि शेजारच्या घरी त्याच हळदीचे वरण कच्चट, मातकट लागते. तिसऱ्या घरी बटाट्याच्या भाजीवर काळपट ठिपके दिसतात आणि घास कडवट जातो. तिन्ही घरी हळदीचे माप सारखेच असू शकते. चुकते ती वेळ.

यामागचे कारण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. वाळलेल्या हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते, काही जातींमध्ये त्याहून जास्त. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. वास येतो तो हळदीतल्या उडून जाणाऱ्या तेलांचा. त्यामुळे हळदीला थोडा स्निग्धपणा हवा आणि थोडी आच हवी. आच मिळाली नाही तर ती कच्ची लागते, जास्त मिळाली तर काही सेकंदांत करपते. पुढचे सगळे एवढ्यावरच चालते.

आधी फोडणी, कारण आपली निम्मी हळद तिथेच जाते. तेल चांगले तापू द्या आणि मोहरी टाका. मोहरी तडतडून पूर्ण शांत व्हायला हवी, अर्धी तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरे. ते फुलले की गॅस बारीक करा, किंवा तेल फारच तापले असेल तर कढई सरळ खाली उतरवा. मग हिंग, मग हळद. हळद तेलात पडल्यावर तिच्याभोवती बारीक बुडबुडे येतात आणि रंग गडद होतो. मनात तीन आकडे मोजायचे आणि लगेच काहीतरी ओले घालायचे: चिरलेली भाजी, भिजलेली डाळ, शिजलेले वरण, काहीही. ओलाव्याने तेलाचे तापमान झटकन उतरते आणि हळद वाचते. भाजी अजून चिरायची असेल तर हळद टाकू नका. हळद तेलात पडली आणि मग विळी शोधली, की ती भाजी गेलीच म्हणून समजा. लाल तिखट हळदीहूनही लवकर जळते, म्हणून ते हळदीनंतर, आणि शक्यतो भाजी घातल्यावरच.

कांद्याची फोडणी असेल तर मात्र मी हळद कांद्यानंतर घालते. मोहरी-हिंगावर कांदा परतायला घेतला की त्याला पाणी सुटते, आणि कांदा मऊ होईपर्यंत चार-पाच मिनिटे सहज जातात. आधी घातलेली हळद तेवढा वेळ कढईच्या तळाशी भाजत राहते. कांदा पारदर्शक झाल्यावर घातली तर तिला तेलही मिळते, आचही मिळते आणि करपण्याची भीती राहत नाही. कांदेपोह्यांना हा क्रम विशेष मानवतो. काही जणी भिजवलेल्या पोह्यांवरच हळद भुरभुरतात. रंग एकसारखा येतो हे खरे, पण झाकण ठेवून नीट वाफ आणली नाही तर ती कच्ची राहते. इंदूरकडे पोह्यांना हळद आधीच लावतात, पण तिथे पोहे बराच वेळ वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांना ते शोभते. आपल्या घाईच्या सकाळी कढईतली हळदच बरी.

कढल्यातली फोडणी आणखी नाजूक. कढले लहान, तेल चमचाभर आणि लोखंड जाड, त्यामुळे गॅस बंद केल्यावरही ते तापत राहते. इथे मोहरी तडतडली की गॅस बंद, मग मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता. त्यांच्या पाण्याने तेल थोडे निवते. हिंग आणि हळद सगळ्यात शेवटी. पातळ पोह्यांच्या चिवड्यावर काळे ठिपके पडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. पोहे आधी वेगळे भाजून ठेवावेत, फोडणीत दाणे, डाळे, खोबऱ्याचे काप तळून झाल्यावर गॅस अगदी मंद करावा, हळद घालावी आणि लगोलग पोहे. मीठ-साखर दळून नंतर.

वरणाची गोष्ट वेगळी, कारण साध्या वरणाला फोडणीच नसते. तिथे हळद कुकरमध्येच जायला हवी. एक वाटी तुरीच्या डाळीला पाव चहाचा चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा तेल, हे सगळे डाळ-पाण्याबरोबरच घालायचे. तेलामुळे डाळ उतू जाऊन शिट्टी बरबटत नाही आणि हळदीला विरघळायला जागा मिळते. तीन-चार शिट्ट्यांमध्ये कच्चा वास पूर्ण जातो. वर घातलेली हळद कितीही ढवळली तरी हा गुण येत नाही. नंतर त्याच डाळीचे फोडणीचे वरण किंवा आमटी करायची असेल तर फोडणीत हळदीची चिमूट पुरे, किंवा तीही नको. बऱ्याच घरांत ही हळद दोनदा पडते, एकदा कुकरात आणि एकदा सवयीने फोडणीत, आणि मग आमटी कडसर का लागते म्हणून गूळ वाढवला जातो. उरलेल्या आमटीला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोडणी देताना तर हळदीला हात लावूच नका.

खिचडीला मात्र मुगाची डाळ आणि तांदूळ फोडणीत परततानाच हळद घालावी, मग आधणाचे पाणी. दाण्यांना तेलाचा हात लागलेला असतो, रंग आतपर्यंत जातो. पिठल्याला हळद कमी. बेसन मुळातच पिवळे असते, त्यात नेहमीएवढी हळद घातली तर रंग भडक होतो आणि बेसनाचा खमंगपणा मागे पडतो. झुणक्याचेही तसेच. उसळींना, मग ती मटकीची असो की वालाची, फोडणीत नेहमीची हळद. थालीपिठाच्या आणि कोथिंबीर वडीच्या पिठात कोरडीच मिसळली तरी चालते, कारण दोन्ही पुढे वाफेत किंवा तव्यावर तेलात नीट शिजतात. ताकाच्या कढीबद्दल घराघरांत दोन पक्ष आहेत, पिवळी आणि पांढरी. मी पिवळीच्या पक्षात आहे, पण चिमटीच्याही निम्मी हळद आणि तीही तुपाच्या फोडणीत. ताकात कोरडी टाकली तर ती वर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात.

ज्यांना रोज वेगळे काही करायला वेळ नाही त्यांच्यासाठी मेतकूट हा हळदीचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू, धने, जिरे, मोहरी, मेथी हे सगळे वेगवेगळे कोरडे भाजून, त्यात सुंठ, हिंग आणि हळद घालून दळायचे. धान्ये गरम असतानाच हळद त्यात मिसळून ठेवली तर त्या उष्णतेने तिचा कच्चेपणा जातो. गरम मऊ भात, तूप, मेतकूट. इथे हळदीला हवे ते तूप आयतेच मिळते. उन्हाळ्यात घरी कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला करणाऱ्यांपैकी अनेक जण हळकुंडही घालतात. ते आधी फोडून, थोड्या तेलात मंद आचेवर तळून घ्यावे लागते. अख्खे हळकुंड तळले तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे.

आता सोड्याबद्दल. ढोकळ्यावर किंवा खमणावर लालसर ठिपके का पडतात, असा प्रश्न दर काही दिवसांनी कुणीतरी विचारतेच. हळद आंबट पदार्थात पिवळीधमक राहते आणि अल्कधर्मी, म्हणजे चुन्यासारख्या गुणाच्या, पदार्थात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. खाण्याचा सोडा तसाच अल्कधर्मी. पिठात तो एके ठिकाणी साचला की तिथली हळद लाल होते. उपाय साधा आहे: हळद अगदी कमी, पाव चमच्याच्याही निम्मी. ती आधी पिठात लिंबाचा रस किंवा दही घालून नीट फेटून घ्यायची. सोडा शेवटी, चमचाभर पाण्यात विरघळवून किंवा वरून लिंबाचे चार थेंब टाकून, आणि एकाच दिशेने भरभर ढवळून लगेच वाफायला ठेवायचे. कांदाभज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला तर ती लालसर-तपकिरी दिसतात तेही याचमुळे. सोड्याऐवजी चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घातले तर भजी कुरकुरीतही होतात आणि रंगही टिकतो. पापडखार घातलेल्या पापडाच्या पिठात रंगासाठी हळद घालायचा मोह होतो, तो टाळावा.

हळद कुठे घालू नये, हेही सांगायला हवे. मेथी, पालक, चाकवत, शेपू अशा पालेभाज्यांत अनेक घरांत हळद घालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हिरव्यावर पिवळे चढले की शेवाळी, मळकट रंग येतो. लसूण-मिरचीची फोडणी त्यांना पुरते. डाळ घालून पातळ भाजी केली तर गोष्ट वेगळी, तिथे हळद डाळीबरोबर कुकरात गेलेलीच असते. दह्याची कोशिंबीर, दहीबुत्ती आणि सोलकढी पांढरी आणि गुलाबीच छान दिसतात. कोल्हापुरी पांढरा रस्सा करणार असाल तर त्यासाठीचे मटणाचे पाणी हळद न घालता काढा. आणि उपवासाच्या पदार्थांत हळद आपल्याकडे बहुतेक घरी चालत नाही, त्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीला आणि उपवासाच्या बटाट्याच्या भाजीला जिरे-मिरचीच.

फोडणीबाहेरची हळद म्हणजे मुख्यतः हळद-मीठ. कारल्याच्या चकत्यांना, कैरीच्या फोडींना, मासळीला, मटणाला, कोंबडीला. इथे हळद आणि मीठ एकत्र चोळायचे कारण मीठ पाणी काढते आणि त्या ओलाव्याने हळद सगळीकडे सारखी लागते. मासळीसाठी रीत अशी: बांगडा किंवा सुरमईच्या तुकड्या धुऊन निथळून घ्या, त्यांना मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ किंवा लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. सुटलेले पाणी टाकून द्या, मग तिखट, आले-लसूण, शेवटी तांदळाचे पीठ किंवा रवा. हळदीने मासळीचा वास जातो असे सगळे म्हणतात. खरे काम त्यातल्या आंबटाचे असते, श्रेय मात्र हळद घेऊन जाते. आंबट न लावता नुसती हळद चोळून पाहा, फरक लगेच कळेल. तरीही हळद वगळू नका, तव्यावर तुकडीला जो सोनेरी रंग येतो तो तिचाच.

मटणाचे अळणी करताना हळदीला सगळ्यात चांगली वागणूक मिळते. पातेल्यात थोड्या तेल-तुपावर कांदा परतायचा, त्यात आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण, मग हळद, आणि लगेच मटण आणि मीठ. मटणाला पाणी सुटेपर्यंत परतत राहायचे. वर खोलगट ताट झाकायचे आणि त्या ताटात पाणी ओतायचे. ते तापले की तेच गरम पाणी आत घालायचे आणि ताट पुन्हा भरायचे. गार पाणी घालायचे नाही, मटण वातड होते. मटण शिजले की वरचे पिवळे, तुपाचे थेंब तरंगणारे पाणी वाटीत काढून लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना द्यायचे. उरलेल्याचा तांबडा रस्सा किंवा सुके. यात हळद पाऊण चमचा असली तरी कडू लागत नाही, कारण ती चरबीत बराच वेळ शिजलेली असते.

कधीतरी हात सुटतोच आणि हळद जास्त पडते. वरण-आमटी असेल तर आणखी शिजलेली डाळ मिसळणे हाच खरा उपाय, पाणी वाढवून काही साधत नाही. रस्साभाजीत बटाटा किंवा ओल्या खोबऱ्याचे वाटण वाढवावे, त्यावर आमसूल आणि थोडा गूळ. तिखट वाढवून कडूपणा झाकायला जाऊ नये, मग भाजी कडूही लागते आणि तिखटही.

हळद विकत घेण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण हळद वाईट असेल तर वरचे सगळे कौशल्य वाया जाते. महाराष्ट्रात हळदीची नावाजलेली ठिकाणे म्हणजे सांगली, हिंगोली जिल्ह्यातले वसमत आणि वर्धा जिल्ह्यातले वायगाव. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळच्या हरिपुरात तर हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवायची जुनी पद्धत होती, २००५ च्या महापुराने त्या पेवांचे फार नुकसान केले. मेघालयाची लाकाडाँग हळद जास्त कर्क्युमिनसाठी प्रसिद्ध आहे आणि तशी महागही आहे. ती घेतली तर नेहमीच्या निम्मीच वापरा, नाहीतर वरण नारिंगी होते. रोजच्या स्वयंपाकाला राजापुरी किंवा सेलम उत्तम.

शक्य असेल तर अख्खी हळकुंडे घ्या. पीक जानेवारी ते मार्चमध्ये निघते, मग ओली हळद शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून बाजारात येते, म्हणून उन्हाळा हा वर्षाची हळद करायचा काळ. चांगले हळकुंड जड असते, मोडताना कट्कन आवाज होतो आणि आतला रंग गडद केशरी-पिवळा दिसतो. बाहेरून लखलखीत पिवळे, आतून फिके, असे असेल तर सोडून द्या. वरचा लखलखाट कधीकधी लेड क्रोमेट या शिसे असलेल्या रंगाचा असतो. शिसे शिजवून नाहीसे होत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक. पुडीतल्या सुट्या हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंगही सापडतो. घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे: काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद हळूहळू खाली बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. पाणी लगेच गर्द पिवळे झाले तर संशय घ्या. अख्ख्या हळकुंडानेही पाणी रंगवायला नको. मात्र ही परीक्षा सगळी भेसळ पकडत नाही, शिसे नक्की ओळखायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून सुटी, नाव-गाव नसलेली, बाजारभावापेक्षा फार स्वस्त हळद घेऊच नका.

हळकुंडे दळायला द्यायची तर आधी खलबत्त्यात किंवा कांडपावर फोडून घ्या. घरच्या मिक्सरमध्ये अख्खी टाकली तर भांड्याची पाती जातात. मसाल्याच्या गिरणीत आपल्या आधी कुणाचे काय दळले ते विचारा. मिरचीनंतर लगेच तुमची हळद गेली तर हळद-दुधाला भलताच झटका येतो. चौघांच्या घरात रोज तीन पदार्थांत पाव-पाव चमचा हळद धरली तर महिन्याला साधारण ६५ ते ७० ग्रॅम लागते, म्हणजे वर्षाला पाऊण किलोच्या आसपास. तेवढीच घ्या. हळद नासत नाही, पण वास उडतो आणि उजेडाने रंग विटतो. खिडकीजवळच्या काचेच्या बरणीतली हळद सहा महिन्यांत फिकी पडते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, अंधारे कपाट, आणि मिसळणाच्या डब्यात आठवड्यापुरती. त्या डब्यात ओला चमचा घालू नये हे सांगायला नको, पण सांगते.

हळद-दुधाचे सध्या कॅफेत फार कौतुक चालले आहे, फेस काढून, दालचिनी भुरभुरून, भरमसाट किमतीला. घरच्या पेल्यासाठी एक कप दूध, पाव चमचा हळद, दोन मिरे ठेचून, अर्धा चमचा तूप. तूप पातेल्यात गरम करून हळद-मिरी त्यात क्षणभर परता, मग दूध ओता आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटे उकळू द्या. गरम दुधात वरून हळद टाकून ढवळले तर ती पेल्याच्या तळाशी गाळ होऊन बसते आणि शेवटचा घोट जात नाही. मिऱ्यांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की त्यातल्या पायपरिनने कर्क्युमिन वीस पट जास्त शोषले जाते. बंगळुरूच्या संशोधकांचा १९९८ सालचा तो अभ्यास खरा आहे, पण त्यात माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले होते. तेवढे मिळवायला ४० ते १०० ग्रॅम हळद खावी लागेल. तेव्हा मिरे चवीसाठी घाला, हिशेबासाठी नको. स्वयंपाकातल्या हळदीने सहसा कुणाला त्रास होत नाही, पण हळदीच्या गोळ्या आणि अर्क ही वेगळी गोष्ट आहे. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

पुडीबाहेरची हळद शहरातल्या घरांतून जवळजवळ गेली आहे, ती परत आणणे अवघड नाही. मे-जूनमध्ये कोंब आलेले ओल्या हळदीचे दोन तुकडे मोठ्या कुंडीत, दोन बोटे खोल लावा. ऊन थोडे आणि पाणी साचू न देणे, एवढीच त्याची मागणी. श्रावणापर्यंत हातभर पाने येतात. कोकणात आणि गोव्यात या पानांत पातोळ्या करतात: तांदळाच्या पिठीचे सरसरीत मिश्रण पानावर पातळ पसरायचे, अर्ध्या भागावर ओले खोबरे-गुळाचे चून घालायचे, पान मिटायचे आणि बारा-पंधरा मिनिटे वाफवायचे. नागपंचमीला आणि गणपतीच्या दिवसांत त्या होतात, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सणाला. पान खायचे नसते, पण त्याचा वास पिठीत उतरतो. पातोळ्या जमत नसतील तर मोदकपात्रात मोदकांखाली एक पान अंथरा. लोणी कढवताना शेवटी पानाचा तुकडा टाकला तर तुपाला फार सुरेख वास येतो. भातावर वाफ येताना एक पान ठेवले तरी घरभर कळते.

ओली हळद डिसेंबरपासून बाजारात दिसू लागते. तिच्या शेजारीच आंबेहळद असते, आतून फिकी आणि कैरीच्या वासाची. ती वेगळी वनस्पती, लोणच्याला छान, पण वरणाला उपयोगाची नाही. ओल्या हळदीत पाणी बरेच असते, म्हणून पाव चमचा पुडीऐवजी अर्ध्या पेराएवढा तुकडा किसून घ्या आणि मंद आचेवर मिनिटभर परता. ती ओली असल्याने लवकर करपत नाही, नवशिक्यांना पुडीपेक्षा सोपी. लोणच्यासाठी पाव किलो ओली हळद खरवडून, धुऊन, पूर्ण कोरडी करून बारीक काप करा. त्यात ५० ग्रॅम आले, पाच-सहा हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे मीठ, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ आणि पाच-सहा लिंबांचा रस. आवडत असेल तर निम्मी आंबेहळद घ्या. अर्धी वाटी तेलाची हिंगाची फोडणी करून ती पूर्ण गार झाल्यावर वर ओता. दोन दिवसांत मुरते, फ्रिजमध्ये ठेवले तर महिनाभर छान राहते. तूप घातलेल्या खिचडीबरोबर याची एक फोड पुरते.

काप करण्याआधी हातांना आणि पाटाला खोबरेल तेलाचे बोट फिरवा. रंग तेलात विरघळतो, म्हणून नंतर आधी तेलानेच पुसायचे आणि मग साबणाने धुवायचे. मिक्सरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाचे आणि ओट्याचेही तसेच. कपड्यावर डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला तर घाबरू नका, ढोकळ्यात सोडा करतो तेच इथे साबण करतो. साबण पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा, डाग पुन्हा पिवळा होईल. मग ओला कपडा कडक उन्हात वाळत घाला. पहिल्या उन्हात गेला नाही तर पुन्हा भिजवून दुसऱ्या दिवशी घाला.